गोफण आणि नाताळची पेंढी

धुळ्याला माझं बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान आहे. भाते शिवणं आणि सूर लावणं यात आयुष्य गेलं, आणि पेटीच्या निमित्तानं जेवढं जग दिसलं तेवढंच मी पाहिलं. त्यात भजनी मंडळं आली, दोन-चार श्रीमंतांचे दिवाणखाने आले, एक नाटक कंपनी आली. पण जे पाहून आल्यावर मी आठ दिवस दुकानात जवळजवळ मुक्यानं बसलो, ते पाहिलं धानोऱ्याच्या पुढच्या एका पाड्यावर, ज्वारीच्या पेंढीखाली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

डिसेंबरच्या मध्यावर एक पत्र आलं. अक्षर मोत्यासारखं आणि मराठी इतकं स्वच्छ की मला वाटलं, कुणी शाळामास्तर असावेत. सही पाहिली तर स्वीडन देशाची मडम! प्रार्थनाघरातली पायपेटी दम लागल्यासारखी धापा टाकते आहे, नाताळ तोंडावर आला आहे, तरी कृपा करून यावं, असा मजकूर. मी जायला निघालो तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी चार दिवसांच्या दशम्या, लोणचं आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

"त्यांच्याकडचा घाससुद्धा घेऊ नका," ती म्हणाली. "बाटून आलात तर दारातच उभं करीन."

मी तिला शब्द दिला. शब्द द्यायला मी नेहमीच तयार असतो.

नंदुरबार

धुळ्याहून मोटारीनं नरडाणा आणि तिथून रेल्वेनं नंदुरबार. गाडीतून उतरलो आणि पहिलं काम केलं ते शिंकण्याचं. स्टेशनापासून गावापर्यंत जिकडे पाहावं तिकडे मिरची वाळत घातलेली. शेतात मिरची, खळ्यात मिरची, पोत्यांवर मिरची, आणि त्या लाल गालिच्याच्या मधोमध बायका उघड्या हातांनी देठं खुडत गप्पा मारीत बसलेल्या. कुणाच्या डोळ्याला पाणी नाही. मी एकटाच रडत होतो.

बाईंनी गाडी पाठवली होती. गाडीवान सखाराम हा नंदुरबारचाच, पन्नाशीचा, आणि त्याच्या जिभेला घडीभर विसावा नव्हता.

"मास्तर, तोंडवर फडकं बांधा," तो म्हणाला. "नही ते धानोरालगून शिकाच देत बसशात."

"तुम्हाला नाही का त्रास होत?"

"आम्हले मिरचीना वास नही उना ते जीव घाबरस. वाटस, गावमा काय इपरीत व्हयनं का काय!"

धानोरा ओलांडेपर्यंत सखारामनं मला पाड्यावरच्या झाडून सगळ्या माणसांची माहिती दिली. त्यातलं मला नंतर उपयोगी पडलं ते एवढंच. बाईंची शेती पाहणारा रूपजी नावाचा तरुण आहे. तीन वर्षांमागं त्यानं ख्रिस्ताचं नाव घेतलं. तेव्हापासून त्याचा बाप दित्या त्याच्या उंबऱ्याला शिवलेला नाही. रूपजीला दोन वर्षांची मुलगी आहे. तिला आजोबानं अजून हातात घेतलेलं नाही. आणि दोघांच्या झोपड्यांमध्ये अंतर किती, तर एका ओढ्याचं.

"भांडन व्हयनं का?" मी माझ्या मोडक्या अहिराणीत विचारलं.

"भांडन व्हतं ते बरं व्हतं, मास्तर. भांडेल मानसं बोलतस तरी. ह्या दोन्ही बोलतच नहीत."

दोन्ही बाजूंना कापणीला आलेली ज्वारी उभी होती. मध्येच एखाद्या माळ्यावर उभा राहून कुणी गोफण फिरवी, दगड सणसणत जाई आणि पोपटांचा हिरवा थवा कर्कश ओरडत दुसऱ्याच्या शेतात उतरे. मग त्या शेतातून हाकाटी. आमच्या देशावर पाखरं राखतात, पण इथली नेमबाजी पाहून मी तोंडात बोट घातलं. धावत्या गाडीतून सखारामनं एक माळा दाखवला.

"तो देखा, दित्या. साठ वरीस पाखरंच हानी ऱ्हायना."

माळ्यावर वाळक्या खोडासारखा एक म्हातारा उभा होता. त्यानं आमच्याकडे पाहिलंही नाही.

आल्माबाई

बाईंचं नाव आल्मा. वय साठीच्या पलीकडे, उंची सहा फुटांच्या अलीकडे, पायात जाड बूट आणि अंगावर पाड्यावरल्या बायकांसारखंच जाडंभरडं लुगडं. पाड्यावर येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती. मला पाहताच म्हणाल्या, "आपण फार कष्ट घेऊन आलात. पेटी पाहण्यापूर्वी हातपाय धुवावेत."

मी हातपाय धुतले आणि माझा डबा घेऊन पिंपळाखाली वेगळा बसलो. बाईंना त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी पाण्यासाठी नवी कोरी घागर मागवून माझ्यापुढे ठेवली आणि विहीर कुठे आहे ते दाखवून निघून गेल्या. ओशाळलो मी. समोरचा माणूस चिडला असता तर माझं सोवळं अधिक सुखात राहिलं असतं.

पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता. काम दोन दिवसांचं. मी कातडं कापत बसलो की बाई शेजारी काहीतरी करीत बसत आणि बोलत. एकदा पाहतो तो भाताच्या पेंढ्याचा बोकड वळणं चाललेलं. तांबड्या चिंध्यांनी मान बांधलेली, शिंगं चांगली वेटोळी.

"बाई, नाताळात बोकड कशाला?"

"आमच्याकडे तो आधीपासून आहे," त्या म्हणाल्या. "माझी आजी सांगे, पूर्वी माणसं बोकडाचं सोंग घेऊन दारोदार जात, मुलांना घाबरवत आणि खायला मागत. पुढे हाच बोकड शहाणा झाला आणि मुलांना खाऊ आणून देऊ लागला. आता पांढऱ्या दाढीचे आजोबा आले आणि बोकडाचं काम गेलं. पण आम्ही त्याला घरातून काढलेलं नाही."

आमच्याकडे शिमग्याची सोंगं असतात ती मी सांगितली. त्या एवढ्या हसल्या की बोकडाचं एक शिंग मोडलं.

मग त्यांनी आपल्या देशातल्या हिवाळ्याबद्दल सांगितलं. तिथे त्या दिवसांत सूर्य उगवतो तो जणू विसरलेली वस्तू घ्यायला आल्यासारखा; चार तासांत परत. सगळीकडे बर्फ. आणि नाताळच्या रात्री, जुन्या काळी, घरातली धनी-चाकर सगळी माणसं जमिनीवर गवत पसरून त्यावर निजत आणि आपले पलंग मोकळे ठेवीत. का, तर घरातली मेलेली माणसं त्या रात्री परत येतात, त्यांना टेकायला जागा हवी. जेवणाचं टेबलही आवरत नसत. त्यांच्यासाठी अन्न तसंच राही.

माझ्या हातातली आरी थांबली. "म्हणजे पितर!"

"आपण पितर म्हणता. आमच्याकडे नाव विसरलं गेलं. गवत तेवढं लक्षात राहिलं."

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. साता समुद्रापलीकडची, गोरी, गाईचं मांस खाणारी माणसं, आणि तीही आपल्या मेलेल्यांसाठी ताट वाढून वाट पाहतात! इतकी वर्षं मी समजत होतो की असल्या गोष्टी फक्त आपल्याच आळीत होतात.

चोवीस तारीख

दुपारी अंगणात एक उंच बांबू रोवला गेला. त्याच्या टोकाला कागदी चांदणी, आमच्या आकाशकंदिलाची सख्खी बहीण. आणि चांदणीखाली बांधायला रूपजीनं एक ज्वारीची पेंढी आणली. काय तिची कणसं होती! मूठभर मूठभर, टपोरी, मोत्यांनी भरलेली.

"ही पाखरांसाठी," बाई म्हणाल्या. कापणीतली सगळ्यांत उत्तम पेंढी त्यांच्या मुलखात वेगळी काढतात आणि नाताळात खांबावर बांधतात. बर्फात पाखरांना दाणा नसतो, आणि ज्या सणात पाखरू उपाशी तो सण कसला? "माझे वडील शेतकरी होते. सणाच्या सकाळी पहिलं पाखरू पेंढीवर बसेपर्यंत ते आम्हा भावंडांना घास उचलू देत नसत. मी इथंही तेच चालवलं आहे."

मला माझ्या वडिलांचा दहावा आठवला. नदीकाठी पिंड ठेवून आम्ही बसलेलो, कावळा शिवेना, आणि मोठे काका हात जोडून आभाळाकडे पाहत एकेक वचन देत होते. ते मी बाईंना सांगितलं. त्यांनी पेंढीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "वाट पाहणं तेच."

संध्याकाळी रूपजी माझ्याजवळ पेटीला हात लावून बघायला आला. मोठा सरळ माणूस, शब्द मोजून बोलणारा. त्या पेंढीची गोष्ट त्यानं आपण होऊन सांगितली. यंदा त्याच्या शेताला काणी लागली होती. कणसात दाण्यांऐवजी काळी भुकटी. बाईंना पेंढी कुठून द्यायची? शेवटी तो ओढा ओलांडून बापाच्या कुंपणाबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या सणाला एक पेंढी पाहिजे.

"बा काही बोलला नाही," रूपजी म्हणाला. "आत गेला. सगळ्यांत चांगली कापली. कुंपणावर ठेवली आणि पाठ फिरवली. पण दिली, मास्तर. तीन वर्षांत पहिली वस्तू दिली. मी जेवायला ये म्हटलं. हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही."

त्याचे डोळे असे चमकत होते की मी उगीचच पेटीच्या पट्ट्या पुसू लागलो. तेवढ्यात सखाराम गाडी जुंपून ओढ्यापलीकडे निघाला; त्याचा मुक्काम दित्याच्या वस्तीवर असे. या सखारामच्या जिभेबद्दल मी मघाशी जे लिहिलं ते वाचकांनी ध्यानात ठेवावं.

पंचवीस तारीख

बाईंच्या देशात नाताळची प्रार्थना उजाडायच्या आत होते. लोक मशाली घेऊन बर्फातून चर्चला जातात म्हणे. पाड्यावर बर्फ नव्हतं, पण थंडी अशी की दात वाजत होते. टेंभे घेऊन डोंगरउतारावरून माणसं येत होती. दिसत नव्हती माणसं, नुसते ठिणग्यांचे ठिपके उतरत होते. मी ठरवलं होतं, बाहेरूनच पेटी ऐकायची. पण भात्याचा नवा जोड वाजतो कसा ही काळजी मला आत घेऊन गेली. बाईंनी पाय चालवले, सूर भरून आला, आणि पन्नास-साठ माणसं आपल्या डोंगरी बोलीत गाऊ लागली. चाल त्यांच्या देशाची असावी, पण मध्येच पावरी या फुंकवाद्यासारखी वळणं घेई. शब्द मला एक कळत नव्हता. तरी भाता कुठेही फुसफुसत नाही हे पाहायचं मी साफ विसरलो.

उजाडता उजाडता आम्ही बाहेर आलो आणि सगळेच थबकले.

बांबूच्या बुंध्याशी दित्या उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात गोफण. पेंढीवर पोपटांची टोळी उतरायला आली की गोफण सणसणे आणि टोळी ओरडत आभाळात. दगड एकही कणसाला लागत नव्हता.

मला आधी वाटलं, बाईंनीच राखणीला ठेवला. मग रूपजीचा चेहरा पाहिला. तो राखेसारखा झाला होता.

सखाराम माझ्यामागे येऊन कुजबुजला, "मास्तर, चूक मन्ही शे. रातले जेवता जेवता मी सहज बोली गऊ, तुन्ही पेंढी पाखरंसले टांगी ऱ्हायनात म्हनीसन. म्हतारा जेवतानाच उठी गया."

"त्यात उठण्यासारखं काय?"

"आरे, त्यानी नवाई नही व्हयनी ना आजून!"

तेव्हा उलगडा झाला. या लोकांत नवं धान्य आधी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला द्यायचं. घरातला वडील माणूस पूजा करतो, ती नवाई. ती होईपर्यंत नव्या दाण्याला कुणाचं तोंड लागता कामा नये. माणसाचं नाही, गुराचं नाही, पाखराचंही नाही. दित्या स्वतः अशीच एक पेंढी दारावर टांगून ठेवी. मुलानं सणासाठी पेंढी मागितली तेव्हा त्याला वाटलं, हेही आपल्या देवापुढे टांगतील. देव दुसरा असेना का, धान्याचा मान तर राहील.

रूपजी बापापुढे गेला. दोघं त्यांच्या बोलीत बोलले. तीन वर्षांनी बोलले, पण ते ऐकून कुणालाही सुख झालं नसतं. रूपजी खाली मान घालून आणि म्हातारा गोफण मुठीत आवळून. नंतर बाईंनी मला अर्थ सांगितला तो असा:

"घराची नवाई बापलेकानं करायची. सूप मुलानं धरायचं. तीन वर्षं मी एकट्यानं केली, ती अर्धीच झाली. म्हणून तुझ्या शेताला काणी लागली. आता कणसरीच्या आधी पाखरं खातील तर ती तुझं घर सोडून जाईल. तुझ्या पोरीच्या ताटात काय येईल? तू तिकडे प्रार्थना करीत बस. मी इथून हलणार नाही."

म्हणजे हा माणूस भांडायला आलाच नव्हता. ज्या घराचा उंबरा तो शिवत नव्हता, त्याच घराची राखण करायला तो अंधारात ओढा ओलांडून आला होता.

इकडे सगळी मंडळी उपाशी. भाताची खीर शिजून पडलेली, मुलं चुळबुळ करताहेत, आणि पाखरू बसल्याशिवाय घास नाही. रूपजीची झोपडी आवारातच होती; त्याची बायको मुलीला कडेवर घेऊन तिच्या दारात उभी. सगळ्यांचे डोळे बाईंकडे. त्यांच्या धर्मात असली पूजा म्हणजे पाप. रूपजीनं सूप धरलं तर त्यांच्या वरच्या साहेबांना काय सांगायचं? आणि नाही धरलं तर तो म्हातारा पुन्हा ओढा ओलांडेल, शेवटचा. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होतं.

बाई पुढे झाल्या. दित्याजवळ जाऊन त्या सहा फुटी देहानिशी धुळीत मांडी घालून बसल्या. त्याच्या बोलीत हळूहळू बोलल्या. काय बोलल्या ते त्यांनी मला मागाहून सांगितलं. "माझे वडील पेंढी टांगताना डोक्यावरची टोपी काढत. का काढत ते मी कधी विचारलं नाही. आज कळलं."

मग त्या रूपजीकडे वळून मराठीत, जणू मलाही कळावं म्हणून, म्हणाल्या, "तुझे वडील सूप धरायला बोलावत आहेत. मी तुला जा म्हणू शकत नाही. जाऊ नको असं मात्र मी म्हणणार नाही."

रूपजी कितीतरी वेळ उभा राहिला. नंतर घरात गेला आणि सूप घेऊन आला.

पेंढी खाली उतरवली. दित्यानं हातभर जागा पाण्यानं शिंपली, एक कणीस मोडलं, सुपात चोळलं. ओठ हलत होते. कमरेच्या छोट्या भोपळ्यातून त्यानं मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडली, आणि बाईंनी, ज्यांच्या आवारात दारूचा थेंब चालत नसे, नेमकं त्याच वेळी आभाळात पाखरं आली का ते पाहायला तोंड वर केलं. रूपजी सूप धरून होता. शेवटी म्हाताऱ्यानं दारातल्या नातीकडे पाहिलं. आईनं तिला खाली सोडलं. ती दुडदुडत आली आणि त्यानं एक दाणा तिच्या जिभेवर ठेवला. तिनं तो कडकन चावला. सारं अंगण एकदम श्वास सोडल्यासारखं हललं.

पेंढी पुन्हा बांबूवर चढली. आणि पाखरू येईना!

सकाळभर दगड खाल्लेली पाखरं कशाला येतील? आम्ही सगळे जमिनीवर बसलो. ख्रिस्ती, कणसरीचे, मी एक कऱ्हाडे ब्राह्मण आणि एक अपराधी गाडीवान. ऊन चढलं. माझे ओठ आपोआप हलत होते, आणि ध्यानात आलं की मी मोठ्या काकांसारखी वचनं देतो आहे.

एक चिमणी आली. साधी, घरातली चिमणी. बाई पुटपुटल्या, "हीच. आमच्याकडेही हीच."

ती कणसावर बसली तोच दित्याचा हात सवयीनं गोफणीकडे गेला. साठ वर्षांचा हात, तो काय ऐकतो! रूपजीनं त्या हातावर आपला हात ठेवला. म्हाताऱ्यानं हात ओढून घेतला नाही. मग दुसरी चिमणी आली, मग पोपट आले, दाण्यांचा सडा पडला, आणि ते दोन हात तसेच एकावर एक राहिले. मी रडलो. या खेपेला मिरची नव्हती.

खिरीचं पान माझ्यापुढे आलं तेव्हा मला दिलेला शब्द आठवला नाही असं नाही. आठवला. तरी मी खीर खाल्ली, दोनदा मागून घेतली. त्यांच्या देशात खिरीत एक बदाम लपवतात, इथे चिंचोका होता. ज्याला मिळेल त्याच्या घरी वर्षात लग्न. तो निघाला सत्तरीच्या दित्याच्या पानात, आणि पोरंबाळं हसून लोटपोट झाली. दित्यानं तो चाटूनपुसून कनवटीला खोचला.

घरी मी सगळं खरं सांगितलं. सौभाग्यवती दारातच उभ्या होत्या, मीही दारातच. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "नातीला मग त्यानं उचलून घेतलं का?" घेतलं म्हटल्यावर ती बाजूला झाली.

पुढच्या वर्षी लढाई सुरू झाली होती. बाईंना घरची पत्रं येईनाशी झाली होती. मला जाणं जमलं नाही, पण जानेवारीत नंदुरबार स्टेशनावर सखाराम भेटला. मी शिंका आवरीत पहिलं विचारलं ते दित्याचं.

"म्हतारा मजामा शे," तो म्हणाला. "यंदा नवाई नाताळना आठ दिन पहिलेच करी टाकी. रूपजीनी सूप धरं. पेंढी म्हताराच लई गया, स्वताना डोकावर."

"आणि गोफण? सोडली का घरी?"

"कसानी सोडस! पेंढीखालेच बठेल व्हता गोफन लीसन, मांडीवर नात. पाखरं वर खाई ऱ्हायनात, आनि बाईसनी मांजर जराशी पुढे उनी का हाऊ तिले दगड हानस!"